शून्यावरून बारावर

मंगळवार, ता. ९, सकाळी सहा

चि. धाकटीस,

आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम असे लिहिण्याची रीत आहे. तुझी वहिनी बरी आहे. तुझ्या स्वेटरच्या बाह्या आखूड झाल्या म्हणून तिने तो उसवून पुन्हा विणायला घेतला आहे. माझे पुढे लिहितो.

आज अकराला चौकशी. त्याआधी हे तुझ्या हाती पडावे म्हणून शिपायाबरोबर पाठवतो आहे. समोरासमोर मी मुद्दा सोडून पळतो. कागदावर पळणे अवघड जाते.

प्रथम वस्तुस्थिती. शुक्रवारी एक वाजून दहा मिनिटांनी शीतगृहात अमोनियाची गळती सुरू झाली. कॉम्प्रेसरवाल्याने नियमाप्रमाणे शून्य, म्हणजे तुझा टेलिफोन बोर्ड, फिरवला. तीनदा फिरवला आणि तिन्ही वेळा एंगेज लागला. मग तो झडप बंद करायला एकटाच आत गेला. तो अजून शुद्धीवर नाही.

तुझे म्हणणे असे की, जेवायला जाताना तू बोर्ड रोजच्यासारखा माझ्या बारा नंबरवर फॉरवर्ड केला होतास. व्यवस्थापक म्हणतात, सुरक्षा अधिकारी (म्हणजे मी) बाराशेजारीच बसून होते आणि तो वाजला नाही. अर्थात ऑपरेटरबाईंनी फॉरवर्ड केलाच नाही. तू धावत येऊन फॉरवर्ड काढून बोर्ड परत सुरू केलास, त्यामुळे पुरावाही उरला नाही. युक्तिवाद निर्दोष दिसतो. बारा नंबर स्वतः कुठे फॉरवर्ड केलेला नव्हता, हे त्यातले गृहीतक मात्र खोटे आहे.

नवे एक्स्चेंज बसले तेव्हा त्याची परिभाषा मीच लिहून काढली. होल्ड, ट्रान्सफर, पिकअप, प्रत्येक संज्ञेला एक वाक्य. कामगार त्यावरून मला ‘कलमदादा’ म्हणू लागले आणि तूही त्यांच्यात सामील झालीस. त्यात फॉरवर्डची व्याख्या अशी आहे: आपली घंटा दुसऱ्याकडे वाजवणे, त्याला सांगून आणि वहीत नोंदवून.

दीड महिन्यापासून बारा नंबर तुझ्या बोर्डावर फॉरवर्ड केलेला असे. वहीत नोंद नाही. कागदपत्रांच्या कामात व्यत्यय नको, असे तुला सांगितले. तू बिचारी निरोप चिठ्ठीवर लिहून पाठवत राहिलीस. एक वाजता, तुझ्या जेवणाच्या वेळी, मी फॉरवर्ड काढत असे. शुक्रवारी काढायचा राहिला.

वरचे वाक्य खोडत नाही, पण ते खरे नाही. राहिला नाही, मी ठेवला. आदल्या दिवशी त्याच अर्ध्या तासात फोन वाजला होता. मी उचलला, आणि पलीकडचा माणूस काय बोलतो यातले एक अक्षरही मला कळले नाही. मी दोनदा “बरं, बरं” म्हणून ठेवून दिला. कोण होता, काय हवे होते, आजही ठाऊक नाही. मला ऐकू येईनासे झाले आहे, धाकटे. घंटा ऐकू येते. शब्द येत नाहीत; समोरच्याचे ओठ पाहून निभावतो. हे वहिनीलाही माहीत नाही. त्या फोनची मला इतकी धास्ती बसली की शुक्रवारी एक वाजून गेल्यावरही मी हात लावला नाही. अर्ध्या तासात काय होणार, असा विचार केला. शून्य बारावर आणि बारा शून्यावर, मधल्या मध्ये तो माणूस अडकला. मी त्याच फोनशेजारी बसून डबा खात होतो.

बाहेर धावपळ दिसली तेव्हा पहिले काम काय केले असेल? बाराचा फॉरवर्ड काढला. शीतगृहाकडे त्यानंतर गेलो.

काल जिन्यात तू विचारलेस, “दादा, मी बटण दाबलं होतं ना? आता मलाच खात्री वाटेनाशी झालीय.” मी म्हणालो, चौकशीत कळेल. तुझा चेहरा पाहून रात्रभर बसून होतो. तू दाबले होतेस. सात वर्षांत एकही दिवस चुकलेली नाहीस.

हे सर्व चौकशी समितीच्या नावे वेगळे लिहून, सही करून, पहाटे फाटकावरच्या टपाल कारकुनाकडे दिले आणि पोहोच घेतली, कारण अकरापर्यंत माझा धीर टिकेल याची मला खात्री नव्हती. आताही नाही. तो माणूस वाचला नाही तर, हे वाक्य पुरे करवत नाही. चौकशीत माझ्या बाजूने बोलू नकोस.

काही सांगायचे असेल तर लिहून पाठव. फोन करू नकोस. तू काय म्हणालीस ते मला कळणार नाही, आणि मी भीतीने “बरं” म्हणून ठेवून देईन.

तुझा अपराधी,
दादा