धारूरच्या चुन्याचा अंदाज

वैशाख शु. ४, केज.
काल बार्शीहून आलो. सेठजींचा हुकूम: केज-धारूरकडे सालीना विलायती शिमिट, म्हणजे पिंपांतून येणारं सिमेंट, किती खपेल, त्याचा अंदाज पंधरा दिवसांत कळवा. आकडा भरला तर केजला दुकान, दुकानावर मी. नाही भरला तर पुन्हा बार्शीची वखार आणि खानावळीचं जेवण. सहा वर्षं झाली. यमूनं मला दारात पाहिलं आणि आत पळाली, "आई, पाव्हनं आलं!" सौ. हसली. पोटच्या पोरीलाच मी पाहुणा. मला काही हसू आलं नाही.

वै. शु. ७.
तीन दिवस केज पालथं घातलं. अंदाज काढायचा कशावरून? गवंडी चुन्यात गूळ घालतात, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी. सगळं घरचं, नाहीतर झाडाचं. पेठेतल्या वाण्याला विचारलं तर म्हणाला, "चुन्याला दुकान कावून लागतंय बे?" चिडून घरी आलो. यमू अजून लांबूनच बघते.

वै. शु. १०, धारूर.
सापडलं! गवंड्यांच्या वस्तीत विरवलेला चुना खड्ड्यांत भरून ठेवतात, वर पाणी. खड्डे मोजता येतात, त्यातला चुना सालभराचा धरला. उन्हात हिंडून मोजले, सत्तावीस. खड्डाभर चुन्याच्या जागी शिमिट किती लागेल ते सेठजींनी शिकवलंच आहे. आकडा झकास भरला. कोणाला विचारत बसलो नाही, विचारलं की लोक फाटे फोडतात. पत्र लगेच डाकेत.

वै. व. ३, केज.
जवाब आला. दुकान मंजूर! आकड्याप्रमाणे सालभराचा माल गाड्यांवर चढतोय. सौ.नं पेठेतली खोली आजच सारवली. यमूला खांद्यावर घेतलं. उतरायलाच तयार नाही.

वै. व. ६, धारूर.
गिऱ्हाइकं पक्की करायला गेलो. वस्तीतला सगळ्यात जुना गवंडी म्हादबा एका खड्ड्यातला चुना उपसून शेजारच्यात टाकत होता.
"हे कावून?"
"औंदाचा ह्यात. फुडल्या साली त्यात. तिसऱ्या साली त्या कडंच्यात, मंग भिंतीला. ताजा चुना उलतोय, भेगा पडत्यात. तीन साल मुरला की लोन्यावानी व्हतो."
"सगळ्यांचं असंच?"
"तर! घरटी तीन खड्डे. तुमी मोजत हिंडलता, आमी म्हनलं सरकारी मानूस हाय, पट्टी बसवतंय का काय."
सत्तावीस नव्हे, नऊ. यंदाचा, पुढल्याचा, त्यापुढल्याचा, तीन सालांचा चुना मी एका सालात घातला. एक शब्द विचारला असता तर! इतका शहाणपणा कुठून आला मला...

वै. व. ८, केज.
पत्र लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं. कळवलं तर दुकान गेलं. न कळवलं तर तिनातले दोन वाटे पिंपं पडून राहतील, आणि हा माल पाण्यात मुरत नाही. एका पावसाळ्याची ओल लागली की दगड. माल जास्त मागवला हे ऐकून म्हादबा म्हणाला होता, "ऱ्हाऊ द्या की पडून, मुरंल." त्याला काय सांगू.
सौ.ला सांगितलं. तिनं पिठाची परात बाजूला सारली. मग, "कळवा. खोटं नको." आणि चुलीकडे गेली. भाकरी करपली आज.

वै. व. १०.
डाक गेली. पत्र खिशातच. डोकं दुखत होतं, हे कारण.

वै. व. ११.
दुपारी गाड्या आल्या. सहा. करोडगिरीच्या जकातनाक्यावर एक दिवस अडल्या होत्या. आणखी अडल्या असत्या तर बरं, असं मनात आलं. स्वतःचीच लाज वाटली.
सौ. आतूनच बघते आहे, बाहेर येत नाही. यमू गल्लीभर ओरडत पळते आहे, "आमच्या बाबाचं दुकान आलं!" बाबा म्हणाली. पहिल्यांदाच.
गाडीवान विचारतो, "मालक, कुठं उतरवू?"
बैलांना पाणी पाज, म्हणालो.
ते पिऊनही झालं.