किरकोळ, तेवीस नग

शनिवार, सकाळ

प्रिय घारोबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी पालथं घालून ठेवलं असशील, हातातल्या घड्याळाचं झाकण बसवलं असशील आणि मग हात पुसून सावकाश फोडलं असशील. तुझी घाई मी चाळीस वर्षांत पाहिलेली नाही. तीन वर्षं झाली, मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे फोन आले तेव्हा गुडघा पुढे केला. गुडघा फार दिवस पुरेना तेव्हा डॉक्टर पुढे केले. मागच्या वर्षी तर घरात पाहुणे आहेत म्हणून सांगितलं, आणि नेमकी त्याच वेळी तुझी वहिनी स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होती की आज दोघांपुरतंच करू ना. तू ते ऐकलंस. बरं बरं, पाहुण्यांकडे बघ, म्हणालास आणि फोन ठेवलास. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्यास तर मला रात्री जेवण गेलं असतं.

तर आता खरं सांगतो. माझा गुडघा ठणठणीत आहे. मी तुझ्यावर जळतो. आजचं नाही हे, पहिल्यापासूनचं आहे. मी कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला, घरात भिंतभर पुस्तकं, कुठल्या राजाने कुठल्या साली कुठली टांकसाळ काढली ते झोपेतून उठवलं तरी सांगेन. तू शाळा अर्धवट सोडून बापाच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायला बसलेला माणूस. आणि लिलावाच्या आदल्या दिवशी, वस्तू बघायला मांडतात तेव्हा, मी भिंग, वही, संदर्भ घेऊन तासभर एका नाण्याशी झटायचो. तू यायचास, डोळ्याला ते तुझं काळं नळकांडं लावायचास, नाणं उलटं करायचास आणि म्हणायचास, प्रोफेसर, हे ओतीव आहे, नकली, सोड. आणि ते ओतीवच निघायचं! एकदा तरी चुकायचं होतंस रे. देवाशपथ सांगतो, तू चुकावंस म्हणून मी मनातल्या मनात नवस बोललोय.

सगळ्यात जास्त जळायचो ते तुझ्या त्या मखमली खणावर. घोडेस्वार छापाची चांदीची नाणी, बारा खळगे, अकरा भरलेले. बाराव्याचा घोडा उलटीकडे तोंड करून असतो, तेवढंच तुला मिळत नव्हतं. तुझ्याकडे आलो की तू खण बाहेर काढायचास, अकरा नाण्यांवरून बोट फिरवायचास आणि रिकाम्या खळग्यावर थांबायचास. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, काय संग्रह आहे तुमच्या मित्राचा! मी म्हणायचो, हो ना, हो ना. आणि त्या रिकाम्या खळग्याकडे बघून मला बरं वाटायचं. लिहिलं बुवा एकदाचं.

आपली ओळख कशी झाली ते आठवतं? एका तांब्याच्या दिडकीसाठी दोघांनी हट्टाने हात वर धरले, तिप्पट भावाला ती तुझ्या गळ्यात पडली, आणि बाहेर पायरीवर बसून तू हसत सुटलास. म्हणालास, आपण दोघं असेच भांडलो तर लिलाववाला बंगला बांधेल. तिथेच आपला नियम ठरला. वस्तू बघून झाल्या की समोरच्या कॅन्टीनमध्ये चहा घ्यायचा, आपापला कॅटलॉग एकमेकांना द्यायचा, दुसऱ्याच्या खुणा आपल्यातही उतरवून घ्यायच्या. ज्याने ज्या नंबरापुढे पेन्सिलीने टिंब दिलं, ती वस्तू त्याची; दुसऱ्याने हात वर करायचा नाही. चाळीस वर्षं आपण तो नियम पाळला. म्हणजे तू चाळीस वर्षं. मी सदतीस.

तीन वर्षांपूर्वीचा तो लिलाव, माझ्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यातला. कॅन्टीनमध्ये तू कॅटलॉग माझ्या हातात दिलास आणि गालातल्या गालात हसलास. मी पानं चाळली. एकाही वस्तूपुढे टिंब नाही. शेवटून दुसऱ्या पानावर, लॉट एकशे सत्तर, ‘किरकोळ, तेवीस नग’, एक बिस्किटाचा डबा भरून तुटक्या अंगठ्या, मणी, शिशाचे ठसे, पिना, आणि त्याच्यापुढे दोन टिंबं! टिंबाला टिंब लागून, ठसठशीत. तो डबा मी पाहिला होता, वरवर हात फिरवून पुढे गेलो होतो. आणि ह्याला त्यात असं काय दिसलं की एक टिंब पुरेना? आणि वर हसतोय? माझ्या निवृत्तीच्या तोंडावर मला दाखवायला निघालाय की बघ, तीस वर्षं शिकवून तुला जे कळलं नाही ते मला कचऱ्यात सापडलं.

मी चहा अर्धा टाकून उठलो. औषध आणायचंय म्हणून सांगितलं. औषध कसलं! लिलावघराच्या मागच्या दाराने आत गेलो, कारकून बाईंकडून लेखी बोलीचा कागद मागितला, एकशे सत्तर नंबर घातला आणि पुढे असा आकडा लिहिला की बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. नाव गुप्त ठेवा, त्या आकड्यापर्यंत लिलाववाल्यालाच माझ्या वतीने चढवत जाऊ दे, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याच शेजारी बसलो होतो, घारोबा. नेहमीच्या जागी, तिसऱ्या रांगेत. एकशे सत्तर आला. तू हात वर केलास. लिलाववाला हातातल्या कागदाकडे बघून म्हणाला, माझ्याकडे लेखी बोली आहे. तू पुन्हा हात वर केलास. पुन्हा लेखी बोली. तू मागे वळलास, डावी-उजवीकडे पाहिलंस, माझ्या कानाशी येऊन म्हणालास की कोण हा गाढव डबाभर भंगारामागे लागलाय. मी मान हलवली. कोण जाणे, म्हणालो. तू तुला परवडणार नाही इतक्यापर्यंत गेलास, हे मला शेजारी बसून कळत होतं. तुझा गुडघा हलत होता. मग हातोडा पडला. तू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, जाऊ दे, नशिबात नव्हतं. हरला तो आणि धीर मला देतोय! हेही नाटकच, असं मी तेव्हा समजलो.

डबा घरी आणला. आता गंमत ऐक, म्हणजे तुझ्यासाठी गंमत. तीन वर्षं मी त्या तेवीस वस्तू टेबलावर मांडून बसलोय आणि तुला त्यात काय दिसलं ते मला सापडलेलं नाही! मणी मोजले, अंगठ्या तोलल्या, शिशाच्या ठशांवर दोन वह्या भरल्या. पुस्तकं मागवली. एक काळीकुट्ट पिन तेवढी पहिल्याच दिवशी बाद केली, पितळेची, अगदी अलीकडची, तिची वहीत नोंदसुद्धा केली नाही; ती खोलीच्या खिडकीच्या पडद्याला लावून टाकली. उरलेल्या बावीस वस्तूंनी माझं डोकं खाल्लं. तुला विचारलं असतं तर तू एका मिनिटात सांगितलं असतंस. पण विचारायचं कसं? चोरून आणलेल्या गोष्टीतलं काय चोरलं, ते ज्याचं चोरलं त्यालाच कसं विचारणार? म्हणून गुडघा, डॉक्टर आणि पाहुणे.

परवाच्या मंगळवारी मी बऱ्याच दिवसांनी लिलावघरात वस्तू बघायला गेलो; हल्ली त्या आठ-दहा दिवस आधीच मांडतात. तू नव्हतास. दुकानातल्या कामामुळे हल्ली येत नाहीस, असं कारकून बाईंनी सांगितलं, आणि तुमचं दोघांचं काही बिनसलंय का हेही विचारलं. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. काचेच्या कपाटात चौथ्या नंबरावर एक नाणं होतं. चांदीचं, कडेला जरा चेपलेलं. घोडेस्वार. उलटीकडे तोंड केलेला. तुझा बारावा! आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? तुला कळवावं हा नाही. आपणच घ्यावं आणि कपाटात टाकून द्यावं, म्हणजे तो खळगा जन्मभर रिकामा राहील. साठी उलटलेला, नातवंडं असलेला माणूस मी. लेखी बोलीचा कागद घेऊन घरी आलो.

बुधवारी तुझ्या वहिनीने पडदे धुवायला काढले. ओल्या हातानेच ती पिन आणून माझ्यासमोर ठेवली आणि टेबलाच्या पलीकडे खुर्चीवर टेकली. मी मान वर केली नाही. ती बघत बसली. मग म्हणाली, अहो, हे तर माझं कानातलं. मी म्हटलं, पिन आहे ती. ती म्हणाली, तुमच्या बाजूने पिन असेल, माझ्या बाजूने बघा. उठली, कपाटातून डबी आणली. तुला ती डबी माहीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या लिलावात मी तिच्यासाठी घेतलेलं ते जुनं सोन्याचं कानातलं, खाली तीन मण्यांचा घोस, जोडीतलं एकच. तू घरी आलास की दर वेळी ती तुला ऐकवायची, ह्यांनी मला एकाच कानाची बायको करून ठेवलंय. तिने दोन्ही शेजारी ठेवली. कुणीतरी कधीकाळी दुसरं कानातलं उलटं, घोस वर करून पितळी पिनेवर डकवलं होतं आणि वर काळं रोगण फासलं होतं. ओल्या पडद्याने मागून जरासं रोगण सुटलं होतं, आत पिवळं दिसत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढं बोलून ती पडदे वाळत घालायला गेली. तीन वर्षं माझ्या बायकोचं कानातलं खिडकीला लटकत होतं.

म्हणजे तुला दिसलं होतं ते हे. घड्याळाचं मागचं झाकण आधी उघडायची तुझी सवय. तू वस्तू उलटीच करून बघतोस. पण कळलं तेव्हाही माझं मन सरळ चाललं नाही, हेही लिहितो. मला वाटलं, ह्याला माझा जोड अडवून धरायचा होता! एक माझ्याकडे, एक ह्याच्याकडे, आणि आयुष्यभर मला खिजवायचं. मी स्वतः नाण्याच्या बाबतीत काय ठरवून आलो होतो, त्यावरून तुझं माप काढत होतो. तुझ्याविरुद्ध पुरावा शोधायला म्हणून मी सगळ्यात खालच्या फळीवरचे जुने कॅटलॉग उपसले. दोन टिंबं तू आणखी कुठे दिली आहेस, ते बघायचं होतं.

पहिल्याच कॅटलॉगच्या मागच्या पानावर, दिडकीच्या दिवशीच्या, पायरीवर बसून तू नियम लिहिला होतास. तुझं ते मुंगीएवढं अक्षर. एक टिंब : मला हवंय. त्याच्याखाली : दोन टिंबं : दुसऱ्यासाठी घेतोय, त्याने गप्प बसायचं, विचारायचं नाही. खाली तुझी सही आणि माझी.

मी सही केली होती, घारोबा. आणि विसरलो होतो, कारण चाळीस वर्षांत मी कुठल्याही नंबरापुढे दोन टिंबं दिली नाहीत. एकदासुद्धा नाही. सगळे कॅटलॉग बघितले. म्हणून तू हसलास. म्हणून पाठीवर थाप मारलीस. नशिबात नव्हतं म्हणालास ते माझ्या नशिबात, माझ्या निवृत्तीच्या भेटीबद्दल म्हणालास. तू तुझ्या ऐपतीबाहेर जाऊन माझ्यासाठी हात वर करत होतास आणि मी शेजारी बसून तुझ्यावर बोली चढवत होतो. मी जमिनीवरच बसून राहिलो, पसाऱ्यात. तुझी वहिनी येऊन बघून गेली. कानातली तिने एकाच डबीत ठेवली आहेत. घालून बघ म्हटलं तर म्हणते, भाऊजी येतील त्या दिवशी घालीन, त्याआधी नाही.

मी अजूनही तुझ्यावर जळतो. ते एका पत्राने जायचं नाही, तेव्हा उगाच माफीबिफी मागत बसत नाही. शिव्या द्यायच्या तर समोर बसून दे. पत्रासोबत येत्या गुरुवारच्या लिलावाचा कॅटलॉग पाठवतोय. चौथ्या नंबरापुढे बघ. पेन्सिलीला टोक मीच काढलं होतं, दुसरं टिंब जरा वाकडं आलंय. काल मी लिलावघरात जाऊन लेखी बोली दिली आणि बाईंना खाली तुझं नाव घालायला सांगितलं; पैसे मी भरणार. तर गुरुवारी ये. तिसरी रांग, नेहमीची जागा. चौथा नंबर निघाला आणि लिलाववाला लेखी बोली लेखी बोली म्हणत सुटला, की तू हात वर करू नकोस, आणि कोण हा गाढव म्हणून मागे वळूनही बघू नकोस. गाढव तुझ्या शेजारीच बसलेला असेल.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
प्रोफेसर