बाभळीच्या सालीचा फेस

बाबा, आज कॉलेजात मुलींना बाभळीच्या सालीचा फेस करून दाखवला आणि तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी हे सांगायचं राहिलंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आदिलाबादला माझं संशोधन चाललं होतं. सालीच्या अर्काची पूड करायची, तिच्यात रसायनं घालायची, शेवटी आम्ल. मिश्रण आपोआप तापतं, फुगतं आणि दोन-तीन मिनिटांत पावासारखं जाळीदार होऊन कडक बसतं. फुगणं नि कडक होणं एकाच वेळी जुळायला हवं. माझं जुळतच नव्हतं. फेस वर यायचा, लगेच बसायचा, हाताला चिकटायचा. रडकुंडीला येऊन मी गावी आले. तुम्ही जन्मभर त्याच सालीनं कातडी कमावलेली. माझी साल चावून थुंकलात, बाटलीतला काळा अर्क उजेडात धरलात. "डिंक भरलेली साल काऊन घेतली? अन् लोखंडाच्या कढईत उकळून राह्यली? काळी पडंल नाही तं काय!"

आठ दिवसांनी आपल्या गावाहून, इंद्रवेल्लीहून बसनं तुम्ही स्वतःच पोतं घेऊन आलात. जुन्या झाडाची, आतून लाल साल. दोन दिवस माझ्या खोलीवर राहून मडक्यात अर्क काढून दिलात. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत फेस डब्याच्या काठाशी आला आणि मी बोट लावायला गेले. तुम्ही मनगट धरलंत. "थांब माय, कच्चं हाय अजून." मग तुम्हीच टिचकी मारता. टक्क वाजतं. तुम्ही हसताय, मी हसतेय, आणि दारात माझे सर उभे.

"ये कौन है?"

"छिलका लाने वाला है, सर," मी म्हणाले.

तुम्हाला हिंदी कळत होती. कातड्याच्या व्यापाऱ्यांशी तीच बोलायचात. तुम्ही हात मागे घेतलात, दोन पावलं सरकलात आणि मला म्हणालात, "और लगा तो बोलना, म्याडम."

मला पदवी मिळाली, नोकरी लागली, तुम्ही गावभर पेढे वाटलेत. त्या दिवसाबद्दल मात्र एक शब्द काढला नाहीत. रागावला असतात तर मी पाया तरी पडले असते. मी वाट पाहत राहिले, आणि तुम्ही गेलात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी टाकलं नसतं. तुम्ही रिकाम्या पोत्याची घडी काखेत घेऊन फाटकाबाहेर गेलात, ते मी खिडकीतून पाहत होते. बाबा, लाज नंतर वाटली. आधी हायसं वाटलं होतं.