माझ्या लॅपटॉपला वाचा फुटली

सोमवार, ३
मेहुणीला घरबसल्या काम मिळालं! मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची. येत्या सोमवारी दुपारी बाराच्या आत चाचणीची फाइल गेली तर काम पक्कं, नाहीतर दुसरं कुणीतरी. आणि आजच तिच्या लॅपटॉपने मान टाकली. तिला जन्मापासून दिसत नाही. स्क्रीनवरचं मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर हवाच. म्हणाली, भाऊजी, तुमचा जुना लॅपटॉप नुसता द्या, बाकी माझं मी बघते. म्हटलं, मी असताना? लिनक्स ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम टाकून स्क्रीन रीडर मीच बसवणार. अर्ध्या तासाचं काम. बायकोने का कोण जाणे, कपाळाला हात लावला.

मंगळवार, ४
लिनक्स बसलं. आवाज नाही.

मंगळवार, संध्याकाळी
स्पीकर बंद होता. बटण फारच लहान आहे. आता बोलतो! वेग सर्वांत कमी ठेवलाय. एकेक शब्द सुटा. बिचारीला त्रास नको.

बुधवार, ५
मेहुणी दिवसभर सराव करत होती. मी बाहेरून आलो तर लॅपटॉप बिघडलेला! नुसती तडतड, लाह्या फुटल्यासारखी. एक अक्षर कळेना. व्हायरस. ती आंघोळीला गेल्यावर मी वेग पुन्हा तळाला नेला. बोललो नाही. उपकार बोलून दाखवणाऱ्यांतला मी नव्हे.

शुक्रवार, ७
व्हायरस चिवट आहे. काल दोनदा दुरुस्ती, आज तीनदा. मेहुणीने बायकोला विचारलं म्हणे, ताई, हा लॅपटॉप मधूनच असा रेंगाळतो का गं? मी पेपरात तोंड खुपसलं.

रविवार, ९
दोघी बहिणी बाहेर. सगळं पुसून लिनक्स नव्याने बसवलं. तिची अडचण समजून घ्यावी म्हणून पासवर्ड डोळे मिटून टाकला. दोनदा! लॅपटॉपने निमूट मान्य केला. इतका विचार कोण करतं?

सोमवार, १०, सकाळी
मेहुणी चाचणीच्या कामाला बसली. लॅपटॉप मुका. लॉगिनच्या पानावर स्क्रीन रीडर वेगळा सुरू करावा लागतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हटलं, सरक, पासवर्ड मी टाकतो. चुकीचा. पुन्हा चुकीचा. डोळे मिटून टाकला, तरी चुकीचा. परवा बोटं नेमकी कुठे पडली... परवा कसलं, कालच. डोकं चालत नाही. हिचं काम माझ्यामुळे जाणार.

मेहुणीने शांतपणे विचारलं, भाऊजी, लिनक्सचा पेनड्राइव्ह कुठाय? मग मला स्वयंपाकघरात चहा करायला पाठवलं. बायकोने बाहेरून कडी लावली.

सोमवार, दुपारी
फाइल वेळेत गेली! पेनड्राइव्हवरचा स्क्रीन रीडर ऐकत लिनक्स तिने कानांनी बसवलं. कडी निघाली तेव्हा लॅपटॉप तडतडत होता. मी ओरडलो, व्हायरस! ती हसून हसून बेजार. म्हणाली, भाऊजी, हा माझा नेहमीचा ऐकायचा वेग. मी वाढवते, तो रोज कमी कोण करतं? म्हटलं, चौकशी करतो.

मंगळवार, ११
काम पक्कं झालं! मला तर तिच्याहून जास्त आनंद झाला. शेवटी लॅपटॉप कुणाचा? तिने त्यावर माझंही एक खातं काढून दिलंय. नाव 'पाहुणा'. आत गेलो, सहज सेटिंग उघडून पाहिली. लॅपटॉप माझ्यासाठी ठेवलेल्या सर्वांत कमी वेगात म्हणाला, तुम्हाला... बदल... करण्याची... परवानगी... नाही. वाक्य संपेपर्यंत दोघी बहिणी दारात येऊन उभ्या होत्या.