उशिराची टाळी

सोमवार, ४ मार्च

गाणं झालं! चाल झाली, शब्द झाले, पाय शिवशिवतील असा ठेका झाला. फक्त टाळ्या राहिल्यात. बोका म्हणतो, कॉम्प्युटरमधल्या टाळ्या प्लास्टिकच्या वाटतात, खरी माणसं आण. शाळेपासून ओळखते मी बोक्याला, रेकॉर्डिंगच्या बाबतीत तो बापाचंही ऐकत नाही. आणि खरी माणसं आणायची कुठून? आमच्याच घरची.

दुपारी बाबांना सांगितलं. टीव्ही भिंती हादरतील इतक्या जोरात. बाबा माझ्याकडे बघून हसले. काही ऐकू आलं नाही की ते तसं हसतात.

कानाचं मशीन कपाटाच्या खणात, डबीत, नव्यासारखं पडलंय. जन्म छापखान्यात गेला त्यांचा. "एका मशीननं कान नेले, आता दुसरं कानात कोंबू?" हे ठरलेलं उत्तर. आई थकली सांगून. मला एवढंच हवंय — हे गाणं बाबांनी एकदा नीट ऐकावं. बाकी जगाचं नंतर बघू.

शनिवार, ९ मार्च

बोक्याचा स्टुडिओ म्हणजे त्याच्या घरामागचं गॅरेज, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. आई ठेवणीतले कपडे घालून आली. अगं, आवाज घेणारेत, फोटो नाही, म्हटलं. "असू दे," म्हणाली. बाबा घराची किल्ली द्यायला आले आणि थांबलेच.

हेडफोन लावून त्यांना काय कळणार? ते आईच्या हातांकडे बघत होते. तिचे हात जुळले की मग यांचे. त्यामुळे यांची प्रत्येक टाळी जराशी मागे. आमची पडायची, आणि तिच्या मागून एक एकटीच, दणदणीत. बोक्यानं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान हलवली — काही बोलू नकोस.

घरी येताना बाबा खुशीत. "जमलं ना?" मी अंगठा दाखवला.

बुधवार, १३ मार्च

बोक्यानं बाबांची टाळी उचलून तालावर नेऊन ठेवली. कॉम्प्युटरवर काय, सगळं होतं. मी जिममध्ये रिसेप्शनला बसते, तिथे दुपारच्या बायकांच्या बॅचला गुपचूप तेच गाणं लावलं.

ढिम्म! हात वर, हात खाली, झाला व्यायाम. एकीनं तर मध्येच फोन घेतला. "तुझं का गं?" ट्रेनर मॅडम म्हणाल्या, "चांगलंय." ते 'चांगलंय' ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवार, १४ मार्च

बोक्याशी कडाक्याचं भांडण. टाळी जिथे होती तिथे परत आण. "चूक आहे ती." असू दे. "लोक हसतील." हसू देत.

आणली. आता गाल फुगवून बसलाय.

शुक्रवार, १५ मार्च

काय सांगू! तीच बॅच. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळ्याजणी ती मागची टाळी वाजवायला लागल्या. कुणी शिकवलं नाही. आधी तालावरची, मग बाबांची, आणि मधल्या फटीत कंबर आपोआप हलते, इलाजच नाही. परवाची फोनवाली घामाघूम होऊन काउंटरवर आली — "परत लाव ना." मॅडम स्वतः नाचल्या.

बोक्याला कळवलं. "मी म्हणतच होतो," म्हणाला. हलकट.

मंगळवार, २ एप्रिल

नेटवर टाकलं आणि सुटलंच ते! दुकानात, बसमध्ये, समोरच्या गच्चीवर. आज सिग्नलला एका हेल्मेटवाल्यानं हँडल सोडून टाळी वाजवली. बरोब्बर उशिराची. हॉर्न वाजले तरी त्याचं चालूच. मी हवेत.

घरी आले. बाबांनी पाठीवर थाप मारली. ऐकलंत का, विचारलं. हसले. तेच हसू. सगळी हवा गेली माझी.

टाळी कुणाची ते लोकांना सांगावंसं फार वाटतं. आई म्हणते, नको. "आपल्या चुकीवर जग नाचतंय हे कळलं तर जिव्हारी लागेल त्यांच्या." खरंय. छपाईत केसभर रंग सरकला तर अख्खी थप्पी रद्द करणारा माणूस तो.

रविवार, ७ एप्रिल

बाबा केस कापून आले ते तणतणतच. सलूनवाला म्हणे कात्री ठेवून टाळ्या वाजवत होता, बाकावरचे दोघेपण. "पाय एकीकडे, हात एकीकडे. सगळ्यांचेच हात मागे! तुझ्याच गाण्यावर ना? मग गाण्यातच गडबड आहे." नाही नाही म्हणून मी जोरजोरात मान हलवली. "थांब, मी तपासतो."

आणि उठले. खण उघडला. डबी काढली. आई कप हातात घेऊन तशीच उभी. मशीन कानात बसेना, आईनं बसवून दिलं. मी गाणं लावलं.

प्रूफ तपासायला बसायचे तसे पुढे वाकून बसले. पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "आवाज तुझाच? केवढी मोठी झालीस गं." "गाणं छानच आहे. पण एक टाळी मागे पडते. कोण आहे हा गाढव?"

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे. "तुम्हीच की," आईच म्हणाली शेवटी.

बाबा हसायला लागले — ते नेहमीचं हसू नाही, पोट धरून. "लाव," म्हणाले, "परत लाव." चार वेळा लावलं. मी रडले, आईही रडली.

शनिवार, २७ एप्रिल

नव्या गाण्याच्या टाळ्या. बाबा सगळ्यांच्या आधी तयार, कानात मशीन. आणि एकूणएक टाळी तालावर! बोक्यानं कपाळावर हात मारला. "काका, दोन मिनिटं मशीन काढता?" "नाही काढणार." आई फुरंगटून म्हणाली, "आता माझ्या हातांकडे बघतसुद्धा नाहीत."

शेवटी आम्ही सगळ्यांनीच उशिरा वाजवली. बाबा एकटे तालात.