गाजर न खाणारा कोल्हा

तीर्थरूप तोकुजीदादास,

धाकट्या नात्सुएचा वाकून नमस्कार. वहिनींनाही नमस्कार सांग, आणि दुकानातल्या बाबांच्या दगडी जात्यावरून माझ्यातर्फे एकदा हात फिरव. तुझी कंबर कशी आहे? (वहिनी लिहितात ठणठणीत आहे, तू लिहितोस मोडली. दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय, आणि वहिनींना मी ओळखते, त्यांना खोटं बोलायला सवड नसते.) इथे माइझुरूत सगळे धडधाकट. पत्र अशासाठी लिहिते की फोनवर जात्याच्या घरघरीत तू नुसता 'हो हो' म्हणतोस आणि मग करतोस भलतंच.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला झारा हातातच राहिला. वर्षअखेरीला दुकान बंद करणार म्हणे! पहाटे उठून सोयाबीन दळायचं, दूध काढायचं, टोफू लावायचा, आणि गावात खायला कुणी नाही, पोरंटोरं सगळी पावाच्या मागे. हे मी समजू शकते. पण शेवटी तू लिहिलंस, 'तुझ्या घरात तरी कुणी मनापासून खातं का? एक जण जरी खात असेल तर जातं चालू ठेवतो. खरं लिही.' दादा, हे तू विचारायला नको होतंस. आता मला खरं लिहावं लागणार.

आमच्याकडची तीन तोंडं तुला ठाऊकच आहेत. हे गोदीत दिवसभर लोखंड वाकवतात आणि घरी मऊ काही दिसलं की तोंड वाकडं करतात. दाताला काम नाही तर ते जेवण कसलं, असं त्यांचं म्हणणं. लेकीला, चिनामीला, ताटात हिरवं दिसलं की लगेच पोटात दुखतं. (हिरवा फ्रॉक घालताना मात्र काही दुखत नाही.) आणि सासूबाई! लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत, तू स्वतः उचलून आणलेला टोफू सगळ्या नातेवाइकांदेखत बाजूला सारून म्हणाल्या होत्या, "आम्ही मासळीची माणसं. हे पांढरं पथ्य आजाऱ्याला द्या." त्याला बारा वर्षं झाली, शब्द मोडलेला नाही. माशाचे काटे ताटाच्या काठावर ओळीने असे मांडून ठेवतात की बघणाऱ्याला कळावं, या घरात काय खाल्लं जातं.

मी काय कमी उपाय केले? पालक उकडून तीळ आणि टोफूत कालवला, तर चिनामीने त्यातली एकेक काडी वेचून चहाच्या किटलीत लपवली. (संध्याकाळी पाहुण्यांना चहा दिला तेव्हा कळलं.) टोफू, गाजर आणि समुद्री शेवाळ मळून वडे तळले, तर ह्यांनी विचारलं, हे पावसात भिजले होते का? एकदा तर माशाच्या गोळ्यांत निम्मा टोफू घातला आणि चेहरा कोरा ठेवून बसले. ह्यांनी एक घास चावला, थांबले आणि म्हणाले, "आज मासा आजारी होता का गं?" सासूबाईंनी सोनार खोटी अंगठी बघतो तसा गोळा उजेडात धरून बघितला आणि परत ठेवला.

तर कुवाबारा ड्रायव्हर दर गुरुवारी बसमधून तुझा डबा आणतो ना, त्यातल्या तळलेल्या टोफूच्या पिशव्या मी हल्ली वेगळ्या करते. गाजर, कोबी, अळंबी भरायची, दुधीच्या वाळवलेल्या पट्टीने तोंड बांधायचं आणि सोयाच्या गोडसर रश्श्यात रात्रभर मुरवायचं. गाठ बाबांची, दोन वेढे आणि टोक आत. शुक्रवारी मी सकाळीच शिवणकामाला जाते, म्हणून तिघांच्या ताटल्या झाकून ठेवते. आणि परत येते तो काय! ताटल्या रिकाम्या. नुसत्या रिकाम्या नाहीत, धुतलेल्या! ह्यांना विचारलं तर म्हणतात, "छान झालं होतं." बारा वर्षांत हा शब्द ह्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता, दादा. चिनामी म्हणते, अजून हवं होतं. ज्या घरात जेवणाची तक्रार नाही, तिथे काहीतरी शिजतंय आणि ते माझ्या चुलीवर नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. दप्तर झाडलं, मोरीची जाळी काढली, शेजारच्या कुत्र्याच्या तोंडाचा वास घेतला. (त्याने माझ्या तोंडाचा घेतला.) कुणी ताकास तूर लागू देईना.

शेवटी भाजीवाल्या होरिएबाईंनीच भांडं फोडलं. म्हणाल्या, "काय हो तुमच्या घराची भक्ती! नवरा येतो, मुलगी येते, कोल्ह्याला नैवेद्य ठेवून जातात, आणि तेही एकमेकांना चुकवून." गल्लीच्या तोंडाशी इनारी देवाचं छोटं देऊळ आहे, दारात त्याचे दूत, दोन दगडी कोल्हे. तळलेला टोफू म्हणजे कोल्ह्याचा जीव की प्राण, हे तुला मी काय सांगू! म्हणजे बापलेक माझ्या पिशव्या देवाच्या गळ्यात मारून पुण्य मिळवत होते आणि वर मला 'छान'!

पण खरी गोम पुढेच आहे. संध्याकाळी जाऊन बघितलं तर पिशव्या गायब. कावळा असता तर चिंध्या केल्या असत्या, मांजराने ओढून नेल्या असत्या. हा कोल्हा गाठ सोडतो, दादा! पट्टीची घडी घालून ठेवतो. आणि गाजराचे तुकडे तेवढे काढून दगडाच्या काठावर ओळीने मांडतो. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, मग ह्याला गाजराचं काय वावडं? मला होरिएबाईंचा संशय होता, पण गाजर विकणारी बाई गाजर टाकेल कशाला? पुजारीबुवांचा आला, पण त्यांच्या सुजलेल्या बोटांनी गाठ सुटत नाही. सासूबाई रोज सकाळी देऊळ झाडायला जातात, म्हणून त्यांनाच नजर ठेवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोल्हाच असणार. मी शेपटी पाहिली."

तर असं आहे. तू खरं विचारलंस म्हणून लिहिते, माझ्या घरात तुझा टोफू कुणीही खात नाही. लिहिताना रडू येतंय. बाबा त्या जात्याशी उभे राहिलेले अजून दिसतात मला. पण तुझ्याशी खोटं बोलून तुझी कंबर मोडू देणार नाही. तुला योग्य वाटेल ते कर.

तुझी,
नात्सुए

ता. क. बंद करायचंच असेल तर निदान या गुरुवारी पिशव्या जरा मोठ्या पाठव. आत तिखटजाळ मोहरी भरणार आहे. कोल्हा कोण आहे ते गल्लीभर ऐकू येईल.

ता. क. दुसरा. सासूबाई पोस्टाकडेच निघाल्यात, पत्र त्यांच्या हाती देते. या घरात विश्वास ठेवावा असं माणूस तेवढं एकच आहे.

तोकुजीराव, अक्षर बदललेलं दिसेल. मी नात्सुएची सासू. पाकिटाची खळ ओली होती, उघडलं. बरं झालं उघडलं, नाहीतर या वयात मोहरीने माझा जीव गेला असता. बारा वर्षांपूर्वी चारचौघांत बोलून बसले, आता घरात मागून खाल्लं तर नाक कापलं जाईल. म्हणून माझ्या वाटणीचं झाडूबरोबर रुमालात बांधून नेते आणि देवळामागे बसून खाते. मग मुलगा आणि नात आपापलं ठेवून जायला लागली. तेही खाते, टाकवत नाही. शेपटीचं खोटं बोलले, पण देव माफ करील, पहिला घास त्याचाच असतो. एक जण मनापासून खात असेल तर जातं चालू ठेवीन, असा तुमचा शब्द आहे. तो पाळा. पिशव्या मोठ्याच पाठवा. नात्सुएला लिहा की कंबर सुधारली म्हणून दुकान चालू ठेवतोय. माझं नाव तेवढं सांगू नका, नाहीतर ती मला घरात बसवून, सगळ्यांसमोर, गाजरासकट खायला लावील.