शिलाईत ठेवलेली माया

बेमुदत! दुकानाच्या शटरवर कागद डकवून त्यावर "मालकीण आजारी, दुकान बेमुदत बंद" असे लिहायचा अधिकार माझ्या पुतण्याला, आलोकला, कुणी दिला? मी आजारी होते, मेले नव्हते. आत माझी कारागीर ताहिरा बसलेली, मशीन चालू, आणि बाहेर हा कागद. बायका आल्या, वाचले, कापडाच्या पिशव्या घेऊन परत गेल्या. वर मापवही "सुरक्षित राहावी" म्हणून हा ती स्वतःच्या घरी घेऊन गेला. चार दिवस वही त्याच्या टीव्हीवर पडून होती. इंजिनिअर आहे तो. शुऐबात एवढा मोठा प्लांट सांभाळतो. माझे एक शटर त्याला सांभाळता आले नाही.

असे पुन्हा होऊ नये म्हणून मी, रत्नमाला सुरेश तिडके, वय एक्कावन्न, शिक्षण चौथी, मूळ राहणार सातपूर, नाशिक, हल्ली मुक्काम खैतान, कुवेत, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीत आहे आणि रागातही आहे. दोन्ही एका वेळी चालते का, हे डॉक्टरांना विचारून घेतले. चालते म्हणाले. कुणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणील असा माणूस अजून भेटलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण कायम कुणाचा तरी ब्लाउज अर्जंट असायचा.

गेल्या महिन्यात माझे आतडे पिळले. दुकानातच, कात्री हातात असताना. सतरा दिवस हॉस्पिटल, त्यातले सहा दिवस तोंडात नळी. येत्या एकोणीस तारखेला, शनिवारी, दुसरे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. पहिल्या वेळी कुणी काही म्हणायच्या आतच मी आडवी झाले होते. म्हणून आता आधी लिहिते.

नाशिकच्या वकिलाने नमुना पाठवला, त्यात स्थावर आणि जंगम असे दोन भाग आहेत. माझ्या जुन्या गिऱ्हाईक कमलवहिनी, त्यांनी अर्थ सांगितला.

स्थावर. सातपूरची दोन खोल्यांची जागा माझ्या नावावर आहे. ती माझी मुलगी जुईली हिला द्यावी. तिचे वडील हयात असेपर्यंत तिने ती विकू नये, भाड्याने द्यावी. जुईली पुण्यात कॉम्प्युटर शिकते. मी हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा फोनवर म्हणाली, "आई, जस्ट सेल इट. शॉपचं टेन्शन कशाला?" बाळा, ज्या शॉपचे टेन्शन नको, त्याच शॉपने तुझी फी भरली. पण तू विमानाने आलीस, नऊ रात्री माझ्या उशाशी बसलीस, माझे केस विंचरलेस. ते मी विसरलेले नाही. माझे दागिने तुझे. मोडून नवीन घडव, मला राग नाही.

जंगम. दुकानाचे लायसन आमचे कफील, म्हणजे इथले कुवेती जामीनदार, अबू फहद यांच्या नावावर आहे. इथला कायदाच तसा. त्यामुळे दुकान मला कुणाला देता येत नाही, पण दुकानात कुणी बसायचे ते अबू फहद मला विचारूनच ठरवतात. या माणसाबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. नव्वद साली लढाईत आम्ही बसने अम्मानला निघालो, जुईली सात वर्षांची. माझे काळे मशीन जड, ते मागे राहिले. फक्त कात्री घेतली, जुईलीच्या फ्रॉकमध्ये गुंडाळून. ब्याण्णव साली परत आलो तर अबू फहद यांचे स्वतःचे अर्धे सामान लुटले गेलेले, आणि माझे मशीन त्यांच्या आतल्या खोलीत चादरीखाली. खाली मापवही, जशी ठेवली तशी. मी रडले. ते म्हणाले, "रडायचं काय त्यात? माझ्या बायकोचे कपडे कोण शिवणार होतं?" त्यांच्या घरचे शिवण माझ्यामागेही आधी व्हावे.

माझे यजमान सुरेश यांना रेडिओ, घड्याळ आणि बँकेतली शिल्लक. त्यांना बोलता येत नाही अशातला भाग नाही, बोलत नाहीत. पण मी आडवी असताना हा माणूस रोज ड्युटीवरून थेट दुकानात जायचा, स्टुलावर बसायचा, आणि येईल त्या बाईला सांगायचा, "बंद नाही. या." आलोकचा कागदही त्यांनीच फाडला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी तुमचे आभार मानते असे कधी म्हटले नाही. इथे म्हटले. घरी त्याचा विषय काढू नये.

आलोक याला तो फाटका कागद द्यावा. चिकटवून, कपाटाच्या खणात ठेवला आहे. मुलगा वाईट नाही. हॉस्पिटलात रक्त त्यानेच दिले, तेही लिहिते. पण मशीन विकायला गिऱ्हाईक आणले, तेही लिहिते.

आता मुख्य.

दुकानातली तीन मशीन, पिकोचे मशीन धरून, माझी कात्री आणि मापवही हे सर्व ताहिरा मुकादम, राहणार दापोली, हिला द्यावे, आणि दुकानात तिनेच बसावे. अबू फहद यांच्याशी बोलणे झाले आहे. ते म्हणाले, "नाव सांग, सही करतो."

पण ताहिराच जायला निघाली आहे. माझ्या हातात रिलीजचा अर्ज देऊन उभी राहिली. रिलीज म्हणजे इकामा, इथला राहण्याचा परवाना, दुसऱ्या मालकाकडे न्यायची मोकळीक; अबू फहद माझी सही बघूनच शिक्का देतात. सलव्यातले एक दुकान तिला घेतेय. मी विचारले, पैसे जास्त देतात का? तर म्हणाली, "पैशाचं नाय ताई. तुमचं नाव मी घालवलं. मला तोंड दाखवायला होत नाय."

काय झाले ते इथे लिहिते, म्हणजे माझ्यामागे कुणी तिखटमीठ लावणार नाही.

मला भराभर लिहिता येत नाही म्हणून मापवहीत मी नावे लिहीत नाही, खुणा काढते. जी फार बोलते ती पोपट. जी दर वेळी भाव करते ती तराजू. कमलवहिनी वय विचारले की गप्प होतात, म्हणून त्या कुलूप. (हे वाचून त्या म्हणाल्या, "मी कुलूप? हे खोड आधी." मी म्हटले, साक्षीदाराने सही करायची, खोडायचे नाही.) आणि काही मापांपुढे एक ठिपका असतो. त्याचा अर्थ सोळा वर्षांत मी कुणालाही सांगितलेला नाही. बायका माप देताना श्वास आत घेतात. सगळ्याच घेतात, काही जास्तच. कार्याच्या दिवशी तो सोडतात. म्हणून ठिपका म्हणजे मापापेक्षा अर्धा इंच सैल, आणि आत शिलाईत माया, म्हणजे दुमडून सोडलेले जादा कापड, नेहमीपेक्षा जास्त.

कमलवहिनींच्या श्वेताचा साखरपुडा होता, घरच्या चार बायकांचे चार ब्लाउज, चारही ठिपक्याचे. वही आलोककडून परत येईपर्यंत दोनच दिवस उरलेले. ताहिरा हॉस्पिटलात आली. "ताई, ह्या ठिपक्याचा काय ता सांगा." माझ्या तोंडात नळी. मी अंगठा तर्जनीच्या अर्ध्या पेरावर ठेवून दाखवला. अर्धा इंच. ती समजली, अर्धा इंच आत घ्यायचा. चारही ब्लाउज असे बसले की एकाही बाईचा हूक लागेना.

ताहिराने काय केले? रडत घरी गेली नाही. सुई-दोरा आणि उसवणी घेऊन सलव्याला कमलवहिनींच्या बेडरूममध्ये उभी राहिली, चार बायकांच्या अंगावरच बगलेपासून शिलाई उसवली, आतली माया मोकळी केली आणि हाताने टाके घातले. मुलाकडची माणसे बाहेर सरबत पीत होती. कुणाला कळले नाही. कळले ते कमलवहिनींनीच हसत हसत सगळीकडे सांगितले म्हणून.

आता नीट वाच, ताहिरा. मोकळी करायला माया होती कशी? घट्ट करताना तू कापड आत दुमडलेस, कात्री लावली नाहीस. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी मी तुझ्या हातावर पट्टी मारून सांगितले होते, माया कापायची नाही. आज कापडाचा एक इंच वाचला म्हणून कापणारीला उद्या तो परत मिळत नाही. तुझा ठिपका चुकला, माया चुकली नाही. आणि ठिपका तुझा नव्हताच, माझा होता. सगळे डोक्यात ठेवून मिरवणारी बाई मी. मीही बेमुदतच शटर ओढून बसले होते, फक्त कागद डकवला नव्हता.

म्हणून गेले आठ दिवस अंथरुणात बसून वहीतल्या प्रत्येक खुणेखाली नाव आणि फोन नंबर लिहिला आहे. ऱ्हस्व-दीर्घ तू बघ. ठिपक्याचा अर्थ पहिल्या पानावर. दुसरी किल्ली शेजारच्या स्टेशनरीवाल्या यूसुफभाईंकडे दिली आहे. यापुढे दुकानात जे एकीला ठाऊक ते दुसरीला ठाऊक, मी जगले तरी. शटर जड आहे, ते सुरेश उघडून देतील. त्यांना कटिंगमध्ये बोलू देऊ नये. तशी भीती नाही.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले. कमलवहिनींनी शुद्धलेखन सुधारले, राग तसाच ठेवला.

ठिकाण : खैतान, कुवेत
दिनांक : ११ ऑक्टोबर २००२, शुक्रवार
सही : रत्नमाला सुरेश तिडके

समक्ष सह्या करणार :
१. कमल सोहनी, राहणार सलवा (कुलूप, नाइलाजाने)
२. यूसुफ परकार, राहणार खैतान, मूळ श्रीवर्धन. किल्ली मिळाली.

सह्या झाल्यावर लिहिलेले, फक्त ताहिरासाठी. या कागदासोबत वहीही तुझ्याकडे पाठवते आहे. वहीत दोनशेच्या वर बायका आहेत, तुझी खूण नाही. कारण तुझे माप मला वहीत बघावे लागत नाही. शेवटचे पान कोरे ठेवले आहे. राहणार असशील तर तिथे तुझी खूण तूच काढ, मला काही बोलून दाखवू नकोस. तुझा रिलीजचा अर्ज त्याच पानात आहे. पान कोरे दिसले तर सही करीन, तोंड वाकडे करणार नाही, आणि नऊ वर्षांसाठी तुझे आभार मानीन. पण टांगून ठेवलेले मला चालत नाही. सतरा तारखेला, गुरुवारी, संध्याकाळच्या मगरिबच्या अजानीच्या आधी वही माझ्या हातात पाहिजे. खूण की सही?